च्युंग फन घरी करताना: आधी पापुद्रा, मग सारण

च्युंग फन हा चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातला आणि हाँगकाँगमधला पदार्थ. तांदळाचं अगदी पातळ पीठ ताटलीत किंवा कापडावर ओतायचं, जोरदार वाफेवर दोनेक मिनिटं ठेवायचं, तयार झालेला मऊ चकचकीत पापुद्रा गुंडाळायचा आणि वर गोडसर सोया सॉस घालून गरम असतानाच खायचा. हाँगकाँगच्या चहाघरांत सकाळी घरच्यांबरोबर बसून चहा आणि छोट्या छोट्या वाफवलेल्या बश्या खाण्याची जी रीत आहे, तिला याम चा म्हणतात आणि त्या बश्यांना डिम सम. च्युंग फन तिथे लांबट बशीत तीन गुंडाळ्यांच्या रूपात येतो. आत कोळंबी, किंवा चार सिऊ म्हणजे भाजलेलं गोडसर डुकराचं मांस. सॉस बऱ्याचदा वाढपी टेबलावर आणून वरून ओततो, कारण आधीच ओतला तर पापुद्रा तो पिऊन लिबलिबीत होतो.

हाच पदार्थ रस्त्यावर अगदी साध्या रूपात मिळतो. सारण नाहीच, नुसत्या घट्ट गुंडाळ्या. विक्रेता कात्रीने त्यांचे तुकडे करतो आणि वर सोया सॉस, तिळाची दाट चटणी, गोड सॉस, तिखट सॉस आणि भाजलेले तीळ घालतो. बांबूच्या काडीला टोचून खायचं. हाँगकाँगच्या शाम शुई पो भागातल्या क्वेलिन स्ट्रीटवरचं हॉप यिक ताई हे छोटं दुकान याच साध्या च्युंग फनसाठी नावाजलेलं आहे. उपाहारगृहांना मानांकन देणाऱ्या मिशलिन गाइडनेही त्याची दखल घेतली आहे.

नवशिक्यांनी सुरुवात या बिनसारणाच्या प्रकारापासून करावी असं मला मनापासून वाटतं. कोळंबी चांगली असली की पापुद्रा जाड झाला, रबरासारखा झाला तरी खाणारा काही बोलत नाही, आणि मग करणाऱ्यालाही काय चुकलं ते कळत नाही. नुसत्या गुंडाळीत लपायला जागा नसते. पापुद्रा जमला की सारण हे अर्ध्या तासाचं काम आहे.

पिठी आणि सत्त्वं

पारंपरिक पद्धतीत तांदूळ भिजवून दगडी जात्यावर पाण्यासकट दळतात. तांदूळ लांब दाण्याचा, न चिकटणारा आणि जुना घेतात. नव्या तांदळाचा भात गिचका होतो हे आपल्याला माहीत आहे, इथेही अडचण तीच. पापुद्र्याला आकार धरून ठेवणारा तांदळातला घटक म्हणजे अ‍ॅमायलोज. चिकट तांदळात तो कमी असतो, म्हणून त्याचा पापुद्रा ताटलीलाच चिकटून बसतो. महाराष्ट्रात करायचं तर जुना कोलम किंवा घावनासाठी वापरतात तो जाडा तांदूळ घ्या. आंबेमोहोर आणि इंद्रायणी यांचा वास कितीही आवडत असला तरी या कामाला ते मऊ पडतात. उकडा तांदूळही नको, कारण तो आधीच एकदा शिजलेला असतो.

पहिल्या वेळी तयार पिठी घेणं सोपं. मात्र भाकरीची पिठी बहुधा रवाळ असते, ती बारीक वस्त्रगाळ चाळणीतून दोनदा काढा. आशियाई किराणा दुकानात थाई तांदळाची पिठी मिळते. ती ओली दळून मग वाळवलेली असते, त्यामुळे फार मुलायम असते. सिंगापूर, लंडन किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्यांना ती सहज मिळेल. पाकिटावर चिकट तांदळाची पिठी असं लिहिलेलं नाही ना, एवढं पाहून घ्या. दोन्ही पाकिटं शेजारी शेजारी ठेवलेली असतात आणि दिसतातही सारखी.

नुसत्या तांदळाचा पापुद्रा होतो, पण तो ठिसूळ असतो, गुंडाळताना चिरतो. म्हणून त्यात सत्त्वं म्हणजे स्टार्च मिसळतात. गव्हाच्या सत्त्वाने पापुद्रा पारदर्शक आणि नाजूक होतो. टॅपिओका स्टार्चने त्याला ताण येतो. कॉर्नफ्लोअरने तो मऊ राहतो. गव्हाचं सत्त्व म्हणजे मैदा नव्हे. कणकेचा गोळा पाण्यात धूत राहिलं की चिवट ग्लूटेन हातात उरतं आणि पांढरं पाणी खाली साचतं. ते निवळून वाळवलं की सत्त्व मिळतं. कुरडयांसाठी गहू भिजवून, वाटून, गाळून आपण जो चीक काढतो तोही मुख्यतः हाच पदार्थ. तरी कुरडयांचा ताजा चीक इथे वापरू नका. तीन दिवस भिजलेल्या गव्हाचा आंबूस वास त्यात उतरलेला असतो आणि च्युंग फनला तो मारून टाकतो. वाळवलेलं, बिनवासाचं सत्त्व मिळालं तर घ्या, नाही तर तेवढंच कॉर्नफ्लोअर वाढवा. पारदर्शकपणा थोडा कमी होईल, चव शाबूत राहील.

टॅपिओकाऐवजी साबुदाणा दळून घालावा, असा विचार मनात येईल. दोन्ही एकाच कंदापासून होतात हे खरं, पण साबुदाणा तयार करताना त्याला उष्णता दिलेली असते आणि दाणे अर्धवट शिजलेले असतात. त्याची पूड पाणी वेगळ्या तऱ्हेने शोषते आणि पिठात गाठी होतात. ग्वांगडोंगची राजधानी ग्वांगझू इथे काही जण एका पाणवनस्पतीच्या कंदाचं पीठही घालतात. इंग्रजीत त्या कंदाचं आणि आपल्या शिंगाड्याचं नाव एकच असल्यामुळे पाककृतींत घोटाळा होतो. वनस्पती दोन वेगळ्या आहेत. उपवासाचं शिंगाडा पीठ रंगाने काळपट असतं, ते इथे नको.

प्रमाण असं: तांदळाची बारीक पिठी १०० ग्रॅम, गव्हाचं सत्त्व २० ग्रॅम, टॅपिओका स्टार्च १० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर १० ग्रॅम, पाव चमचा मीठ, एक चमचा बिनवासाचं तेल आणि ३८० मिलीलिटर पाणी. यात २० सेंटिमीटर व्यासाच्या थाळीत आठ-नऊ पापुद्रे होतात. वाटीच्या मापाने करू नका. पिठी दाबून भरली की सैल भरली यावर सगळं बदलतं, आणि इथे चार चमचे पाण्याचा फरकही जाणवतो. शेंगदाणा तेल, तिळाचं तेल पिठात नको. सूर्यफुलाचं चालेल.

तांदूळ भिजवूनच करायचं असेल तर १०० ग्रॅम तांदूळ धुऊन पाच-सहा तास फ्रिजमध्ये भिजवा, निथळा, थोड्या पाण्यात मिक्सरला अगदी गंधासारखा वाटा आणि गाळून घ्या. भिजलेल्या दाण्याने पाणी आधीच प्यायलेलं असतं, म्हणून वरचं पाणी एकूण ३५० मिलीलिटरच धरा. सत्त्वं तेवढीच. या पद्धतीत कष्ट आहेत, पण तांदळाचा ताजा वास पापुद्र्यात राहतो. एकदा हात बसला की मी हीच पद्धत सुचवेन.

कोरडे जिन्नस एकत्र करून आधी थोड्याच पाण्यात गुठळ्या मोडा, मग उरलेलं पाणी आणि तेल घाला. अर्धा तास झाकून ठेवा, म्हणजे पिठीचे कण पाणी ओढून घेतात. पळी बुडवून बाहेर काढली की तिच्यावर इतका पातळ थर राहायला हवा की खालचं स्टील स्पष्ट दिसेल. हे प्रमाण चुकलं असं वाटून अनेक जण इथे पिठी वाढवतात. वाढवू नका, ते इतकंच पातळ असतं.

भांडी

ग्वांगझूमध्ये दोन तऱ्हा आहेत. एकीत वाफेच्या पेटीवर ओलं सुती कापड ताणून त्यावर पीठ पसरतात. पापुद्रा झाला की कापड उचलून तेल लावलेल्या ओट्यावर उलटं टाकतात आणि कापड सोलून काढतात. हा पापुद्रा सर्वांत तलम. दुसरीत धातूची कपाटासारखी पेटी असते, तिचे सपाट खण एकेक करून ओढायचे, पीठ ओतायचं, वर अंडं किंवा खिमा पसरायचा, खण आत ढकलायचा. सकाळच्या गर्दीत हेच वेगाने होतं.

घरी खणाच्या पद्धतीचीच नक्कल करायची. ढोकळ्याच्या सपाट थाळ्या उत्तम, नॉनस्टिक केकचा टिनही चालतो. तळ खरोखर सपाट हवा, मधे फुगलेला नको. एकसारख्या दोन थाळ्या घ्या, म्हणजे एक वाफेवर असताना दुसरीतला पापुद्रा काढता येतो. थाळी मावेल अशी मोठी कढई किंवा पातेलं, आत रिंग, वर घट्ट झाकण. झाकणाला आतून फडकं बांधा, नाही तर थेंब पडून पापुद्र्यावर खड्डे होतात. शिवाय सांडशी, पातळ कडेचं उलथनं किंवा केकवाल्यांचं प्लॅस्टिकचं स्क्रॅपर, आणि परातीत गार पाणी.

पहिल्या पापुद्र्याआधी एक गोष्ट करा. रिकामी थाळी कढईत ठेवून तिच्यात थोडं पाणी ओता आणि ते सगळीकडे सारखं पसरतं का बघा. एका बाजूला गेलं तर रिंगखाली काहीतरी सरकवून सपाटी जुळवा. एका बाजूला जाड आणि दुसरीकडे फाटणाऱ्या पापुद्र्याचं कारण बहुतेक वेळा पीठ नसतं, तिरकी थाळी असते.

वाफेवर

पाणी खळखळून उकळू द्या आणि आच शेवटपर्यंत मोठीच ठेवा. तांदळाचं स्टार्च साधारण ७० अंश सेल्सिअसच्या आसपास फुगून घट्ट होऊ लागतं. वाफ मंद असेल तर तेवढी उष्णता येईपर्यंत पिठी तळाला बसते, वर पाणी राहतं, आणि पापुद्र्याला खाली कडक, वर चिकट असे दोन थर येतात. जोराच्या वाफेत कण खाली बसायच्या आत सगळं एकदम धरतं.

रिकामी थाळी अर्धा मिनिट वाफेत गरम करा. तेलाचा बोट फिरवा, तळ नुसता चमकेल इतकाच. तेल साचलं तर पीठ त्यावरून सरकतं आणि भोकं पडतात. आता पीठ तळापासून ढवळा. हे दर वेळी, प्रत्येक पापुद्र्याआधी करायचं. दोन मिनिटं भांडं तसंच राहिलं तरी पिठी खाली जाते, आणि न ढवळता ओतत गेलात तर सुरुवातीचे पापुद्रे पाणचट, शेवटचे जाड निघतात. सुमारे ५० मिलीलिटर पीठ ओता, थाळी सांडशीने धरून गोल फिरवा, तळ झाकला गेला की ठेवून झाकण लावा.

दीड-दोन मिनिटांत पापुद्रा पांढऱ्याचा अर्धपारदर्शक होतो आणि मधे मोठे फुगे उठतात. फुगे दिसले की झालं. अडीच मिनिटांच्या पुढे ठेवू नका, कडा वाळतात.

थाळी बाहेर काढून परातीतल्या गार पाण्यावर अर्धा-एक मिनिट तरंगू द्या. गरम पापुद्रा चिकट असतो, थोडा निवला की स्वतःहून सुटतो. फार गार मात्र होऊ देऊ नका, मग तो गुंडाळताना चिरतो. कडेभोवती स्क्रॅपर फिरवा, एक बाजू सोडवा आणि ढकलत ढकलत गुंडाळा. सुरळीच्या वड्या करणाऱ्या हाताला ही हालचाल शिकवावी लागत नाही. फरक एवढाच की इथे गुंडाळी सैल हवी, पापुद्र्याला चुण्या पडायला हव्यात, म्हणजे त्या खाचांत सॉस शिरतो. रस्त्यावरच्या बिनसारणाच्या प्रकारासाठी मात्र घट्ट गुंडाळा, म्हणजे कात्रीने नीट तुकडे पडतात.

पहिला पापुद्रा चाचणीचा समजा आणि तिथेच खाऊन बघा. चिरतो आहे, कोरडा लागतो आहे, तर पिठात एक टेबलस्पून पाणी घाला. दोन मिनिटांनंतरही ओलसर आहे, उचलताना लोळागोळा होतो आहे, तर आधी आच पुरेशी आहे का बघा, मग चमचाभर पिठी वाढवा. दातांना फार चिवट लागत असेल तर पुढच्या वेळी टॅपिओका निम्मा करा. पृष्ठभागावर लाटा उठत असतील तर उकळतं पाणी थाळीच्या तळाला भिडतं आहे, कढईतलं पाणी कमी करा. तरीही पिठी फार लवकर खाली बसत असेल तर चार चमचे पीठ वेगळं काढून मंद आचेवर ढवळत खळीसारखं करा आणि गार झालं की बाकीच्यात फेटून मिसळा. मिश्रणाला जरा दाटपणा येतो आणि कण तरंगत राहतात.

सॉस

नुसता बाटलीतला सोया सॉस ओतलात तर सगळं खारट होईल. तीन टेबलस्पून लाइट सोया सॉस, एक छोटा चमचा डार्क सोया सॉस, दीड टेबलस्पून साखर आणि सहा टेबलस्पून पाणी एकत्र उकळा. कांद्याच्या पातीचे पांढरे भाग आणि कोथिंबिरीचे देठ आधी चमचाभर तेलात परतून त्यातच टाका, दोन-तीन मिनिटांनी गाळा. चव गोड आणि खारट यांच्या बरोबर मधे हवी, आणि सॉस पातळ हवा. दाट केला तर तो वरच बसतो.

हाँगकाँगच्या रस्त्याची चव हवी असेल तर पांढरे तीळ तांबूस भाजून थोड्या तेलात अगदी मऊ वाटा आणि कोमट पाण्याने सैल करा. तयार ताहिनी हलक्या भाजलेल्या तिळाची असते, तिला तो खमंगपणा नाही. गोडासाठी होइसिन सॉस, म्हणजे सोयाबीनचा दाट गोडसर चिनी सॉस, थोड्या पाण्यात ढिला करा. तीन सॉस वेगवेगळे घाला, एकत्र कालवू नका.

सारण

कोळंबी छोटी घ्या, सोला, काळा धागा काढा, पुसून कोरडी करा. दोनशे ग्रॅमला चिमूटभर मीठ, चमचाभर कॉर्नफ्लोअर, पांढरी मिरपूड आणि दोन-चार थेंब तिळाचं तेल लावून पंधरा मिनिटं ठेवा. चहाघरांत ती बऱ्याचदा कच्चीच पिठावर ठेवून वाफवतात, पण त्यांच्या पेट्यांतली वाफ घरच्या कढईपेक्षा कितीतरी जोरदार असते. घरी ती आधी उकळत्या पाण्यात गुलाबी होईपर्यंत शिजवून घ्या. पीठ ओतून अर्ध्या मिनिटाने, ते जरा धरल्यावर, तीन-चार कोळंब्या एका कडेला ओळीत ठेवा आणि तिथूनच गुंडाळायला सुरुवात करा. सारण सगळीकडे पसरलं की गुंडाळी होत नाही.

शाकाहारी सारणासाठी मशरूम बारीक चिरून, पाणी पूर्ण आटेपर्यंत परतून घ्या. भरपूर कोथिंबीर आणि पात नुसतीच पिठावर भुरभुरली तरी सुरेख लागते. ग्वांगझूसारखं हवं असेल तर फेटलेलं अंडं ओल्या पिठावर ओतून उलथन्याने पसरा. ग्वांगडोंगच्याच चाओशान भागात मोड आलेली कडधान्यं, मशरूम, अंडं, कालवं असं बरंच काही आत भरतात, तिथली गुंडाळी चांगली लठ्ठ असते. आणि एक प्रकार जरूर करून बघण्याजोगा: तळलेल्या कुरकुरीत लांब पावाच्या काडीभोवती पापुद्रा गुंडाळतात. आत खुसखुशीत, बाहेर मऊ.

उरलं तर

हा पदार्थ ठेवायचा नाही. थंड झाल्यावर अ‍ॅमायलोजचे धागे पुन्हा एकमेकांना घट्ट धरतात आणि पापुद्रा कडक होतो. फ्रिजमध्ये ही क्रिया आणखी वेगाने होते. दुसऱ्या दिवशी तो वाफेवर तीन-चार मिनिटं ठेवला तर बराचसा मऊ होतो. त्याहून चांगलं म्हणजे तुकडे करून तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजू लाल करून घ्यायचे. हाँगकाँगमध्ये हे तुकडे एक्सओ सॉसमध्ये परततात, तो सुक्या सागरी जिनसांचा आणि मिरचीचा तेलकट सॉस. घरी लसूण, सुकी मिरची आणि सोया पुरे.

मात्र कालवलेलं पीठ किंवा तयार पापुद्रे बाहेर ठेवू नका, ही गोष्ट कृपया मनावर घ्या. इडलीचं पीठ आंबतं तेव्हा त्यातल्या आम्लामुळे त्याचं थोडं रक्षण होतं. च्युंग फनचं पीठ आंबवायचं नसतं, ते ओलं आणि बेचव राहतं, आणि उबदार हवेत त्यात घातक जिवाणू वाढू शकतात. यांतला एक जिवाणू बोंगक्रेकिक आम्ल नावाचं विष तयार करतो. ते शिजवूनही नष्ट होत नाही. २०२४ मध्ये तैपेईत या विषामुळे काही माणसं दगावली, आणि संशय तांदळाच्या ओल्या, रुंद नूडल्सवर होता. मुंबई-कोकणच्या हवेत भिजवणं, साठवणं सगळं फ्रिजमध्येच करा. पीठ फार तर एक दिवस, आणि वासाची शंका आली तर फेकून द्या.

बाहेर खाताना

पापुद्रा तांदळाचा असल्यामुळे शाकाहारी मंडळी निर्धास्त होतात, पण हाँगकाँग आणि ग्वांगझूमध्ये विचारल्याशिवाय घेऊ नये. हिरवी पात दिसणाऱ्या गुंडाळीत बऱ्याचदा सुकट कोळंबी असते, आणि सॉसमध्ये कालवांपासून केलेला ऑयस्टर सॉस असू शकतो. सर्वांत कमी धोका बिनसारणाच्या गुंडाळीत, सोबत तीळ आणि गोड सॉस. तरीही सॉस वेगळा मागून घ्या.

मलेशिया आणि सिंगापूरमध्ये हीच गुंडाळी ची च्योंग फन या नावाने मिळते, पण सॉस बदलतो. पेनांगमध्ये ती आंबवलेल्या कोळंबीच्या काळ्या, दाट, गोडसर चटणीबरोबर देतात, तेव्हा शाकाहाऱ्यांनी तिथे ती टाळावी. सिंगापूरला लालसर गोड सॉस असतो. व्हिएतनामचा बान्ह कुऑन जवळचा नातेवाईक, त्याचा पापुद्रा आणखी तलम, वर तळलेला कांदा आणि बाजूला माशाच्या सॉसची पातळ चटणी. मासे चालत असतील तर कोणत्याही गावी सकाळीच जा आणि दुकानात वाफेच्या पेटीसमोरची जागा धरा. उलथन्याने पापुद्रा सोडवताना करणाऱ्याचा हात कोणत्या कोनात असतो ते नीट बघा, ते वाचून कळत नाही.